संगणक नूतनीकरण, स्वयंसेवी

संगणक नूतनीकरण, स्वयंसेवी : कार्यालये, शाळा व घरे यांतून बाद झालेले संगणक देणगी म्हणून घेऊन, स्वयंसेवकांकरवी तपासून व दुरुस्त करून ते गरजूंना वापरासाठी देण्याची प्रथा. पुनर्चक्रणात यंत्र फोडून त्यातील धातू काढतात. येथे यंत्र यंत्र म्हणूनच टिकवतात. संयुक्त राष्ट्र विद्यापीठातील अभ्यासकांनी २००४ च्या सुमारास मांडलेल्या हिशेबानुसार एक डेस्कटॉप संगणक व १७ इंची काचनळीचा मॉनिटर घडवण्यास सुमारे २४० किग्रॅ. जीवाश्म इंधन, २२ किग्रॅ. रसायने व दीड टन पाणी खर्ची पडे. तांबे, सोने काही प्रमाणात परत मिळते. हे इंधन मिळत नाही. म्हणून दुरुस्त होण्याजोगा संगणक भंगारात घालणे हे नुकसानच होय.

प्रथेच्या उगमाबद्दल एकवाक्यता नाही. कॅलिफोर्नियात १९७५ मध्ये सुरू झालेला होमब्रू कॉम्प्युटर क्लब, बोस्टन कॉम्प्युटर सोसायटी (१९७७) यांसारख्या हौशी मंडळांत तिचे मूळ शोधता येते; तेथे सुटे भाग व माहिती यांची देवघेव मोकळेपणाने चाले. मात्र ती मुख्यतः सभासदांपुरती होती. दुसरा धागा धर्मादाय कार्याचा. अमेरिकेतील नॅशनल क्रिस्टिना फाउंडेशन (१९८४) ही संस्था अपंग व वंचितांपर्यंत देणगीचे संगणक पोहोचवू लागली. देणगी व स्वयंसेवी दुरुस्ती यांची मोठ्या प्रमाणावर सांगड बसली ती बहुधा १९९० नंतर, आणि हेच मत अधिक ग्राह्य वाटते. आयबीएम धाटणीच्या संगणकांचे भाग एकमेकांत बसू लागले होते आणि कंपन्या एकाच नमुन्याची यंत्रे एकगठ्ठा बाद करू लागल्या होत्या. त्यामुळे तीन बंद संगणकांतून दोन चालू करणे नवशिक्यालाही साधू लागले. कॅनडातील ‘कॉम्प्युटर्स फॉर स्कूल्स’ (१९९३) हा उपक्रम संघराज्य सरकार व दूरध्वनी क्षेत्रातील स्वयंसेवकांची संघटना यांनी मिळून उभारला.

अमेरिकेतील पोर्टलंड (ऑरेगन) येथे २००० मध्ये स्थापन झालेल्या ‘फ्री गीक’ने प्रथेला शिक्षणाची जोड दिली. तेथे २४ तास काम करणाऱ्यास एक संगणक मिळे. जुळणीच्या वर्गात पाच संगणक संस्थेसाठी बांधले की सहावा बांधणाऱ्याचा, अशी रीत होती. पुढे व्हँकूव्हर, टोरांटो येथेही याच नावाच्या स्वतंत्र संस्था निघाल्या.

विदा (डेटा) पुसणे : देणगीदाराचा विश्वास यावरच टिकतो. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रविद्यापीठातील सिम्सन गारफिंकेल व अभि शेलाट यांनी जुन्या बाजारातून घेतलेल्या १५८ हार्ड डिस्क तपासल्या (निष्कर्ष २००३). चालणाऱ्या १२९ पैकी केवळ १२ नीट पुसलेल्या होत्या. उरलेल्यांत क्रेडिट कार्डांचे हजारो क्रमांक आढळले. फाइल डिलीट केल्याने वा साधे फॉरमॅट मारल्याने मजकूर जात नाही, फक्त त्याची सूची जाते. म्हणून जुन्या मजकुरावर दुसरे काही लिहावे लागते (पुनर्लेखन). संगणक-सुरक्षेचे अभ्यासक पीटर गुटमन यांनी १९९६ मध्ये ३५ वेळा पुनर्लेखनाची पद्धत सुचवली होती. तिच्यातील बरेच नमुने तत्कालीन संकेतन पद्धतींसाठी होते व आधुनिक डिस्कवर ते सर्व चालवणे निरर्थक आहे, असे खुद्द गुटमन यांनीच पुढे स्पष्ट केले. तरी ३५ हा आकडा काही ठिकाणी श्रद्धेने पाळला जातो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेनुसार चुंबकीय डिस्कवर साधारणपणे एकदा शून्ये लिहिणे पुरते. एसएसडीची (फिरत्या तबकडीऐवजी चिपमधील पेशींत विदा साठवणाऱ्या डिस्कची) गोष्ट वेगळी : तिचा नियंत्रक लेखन निरनिराळ्या पेशींत विखरून टाकतो आणि राखीव पेशींपर्यंत पुनर्लेखन पोहोचेलच असे नाही. तेथे नियंत्रकाचीच पुसण्याची आज्ञा वापरावी लागते. केवळ भीतीपोटी चांगल्या डिस्कला भोके पाडून त्या निकामी केल्या जातात, हे खेदजनक आहे.

दुरुस्तीचे काम परिचित आहे : धूळ काढणे, रॅम व एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा भाग) तपासणे, मदरबोर्डवरील सेल व पंख्याखालची थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) बदलणे. २००० च्या दशकातील बऱ्याच मदरबोर्डांवर सदोष कॅपॅसिटर (विद्युतभार साठवणारे छोटे घटक) फुगलेले आढळतात. ते बदलले की बोर्ड बहुधा जिवंत होतो.

यंत्र धडधाकट असूनही आज्ञावलीमुळे बाद ठरण्याचे प्रकार वाढले आहेत. विंडोज एक्सपीचा आधार (सुरक्षा-सुधारणांचा पुरवठा) ८ एप्रिल २०१४ रोजी, तर विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. अशा कारणांनी बाद ठरलेल्या यंत्रांवर डेबियन, उबुंटू वा लिनक्स मिंट या मोफत लिनक्स प्रणाली बसवतात. परवान्याचा खर्च नसल्याने अनेक स्वयंसेवी संस्थांचा ओढा लिनक्सकडे आहे.

भारतात ई-कचऱ्याविषयीचे पहिले स्वतंत्र नियम २०११ चे (अंमल मे २०१२). १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नियमांत नूतनीकरण करणाऱ्यांसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणीची तरतूद आहे. नूतनीकरणाने वस्तूचे आयुष्य वाढल्यास उत्पादकाचे पुनर्चक्रणाचे दायित्व तितके पुढे ढकलले जाते.