नैराश्य आणि चिंताविकार : शरीरावर व मनावर होणारे परिणाम

नैराश्य आणि चिंताविकार हे जगात सर्वाधिक आढळणारे मनोविकार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये सुमारे २८ कोटी लोकांना नैराश्य होते आणि सुमारे ३० कोटी लोकांना चिंताविकार. दोन्ही पुष्कळदा एकाच माणसात एकत्र दिसतात. गणना मनोविकारांत होत असली, तरी झोप, भूक, हृदय, पचन, स्नायू यांपैकी काहीच त्यांच्या तडाख्यातून सुटत नाही.

वाईट बातमीनंतर चार दिवस उदास वाटणे किंवा परीक्षेआधी पोटात गोळा येणे हा आजार नव्हे. खिन्नता, किंवा कशातच गोडी न वाटणे, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बहुतेक वेळ किमान दोन आठवडे टिकते, जोडीला झोप, भूक आणि एकाग्रता बिघडते, रोजची कामे होईनाशी होतात, तेव्हा नैराश्याचे निदान केले जाते. व्यापक चिंताविकारात काळजी कित्येक महिने चालते, कारणाच्या मानाने ती फार मोठी असते आणि ठरवूनही आवरत नाही.

शरीराच्या तक्रारी

रुग्ण डॉक्टरांकडे जातो तो बहुधा मनाचे गाऱ्हाणे घेऊन नाही. १४ देशांत झालेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, प्राथमिक उपचारकेंद्रांत आलेल्या नैराश्यग्रस्तांपैकी ६९ टक्के जणांनी येण्याचे कारण म्हणून फक्त शारीरिक तक्रारी सांगितल्या होत्या. डोके जड आहे, पाठ धरली आहे, अंगात त्राण नाही, अन्नावरची वासना उडाली आहे. तपासण्यांचे अहवाल चांगले येतात आणि ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे सांगून रुग्णाला घरी पाठवले जाते. हे सांगणे चुकीचे तर आहेच, शिवाय क्रूरही आहे, कारण दुखणे खरे असते. मेंदूकडून मज्जारज्जूत उतरणारे, वेदनेला लगाम घालणारे चेतामार्ग सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रिनलिन या रसायनांवर चालतात, आणि मनःस्थितीच्या नियमनातही हीच रसायने भाग घेतात. काही नैराश्यविरोधी औषधे जुनाट वेदनेवरही लागू पडतात, ती याच नात्यामुळे.

चिंतेची शारीरिक बाजू समजायला भीतीची यंत्रणा पाहावी लागते. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ‘लढा किंवा पळा’ या प्रतिसादाचे वर्णन केले. धोका दिसताच मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून अॅड्रिनलिन रक्तात येते. छाती धडधडते, श्वास वाढतो, हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे जास्त रक्त जाते, पचन मंदावते, तोंडाला कोरड पडते, तळव्यांना घाम सुटतो. त्यापाठोपाठ मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग, त्याखालची पीयूषिका ग्रंथी आणि अधिवृक्क ग्रंथी यांची साखळी कॉर्टिसॉल हे संप्रेरक सोडते. ते रक्तातली साखर वाढवते. धोका टळला की वाढलेले कॉर्टिसॉलच मेंदूला थांबण्याचा इशारा देते आणि यंत्रणा शांत होते. चिंताविकारात धोका समोर उभा नसतो, तो विचारात असतो, त्यामुळे टळतही नाही. मान आणि जबडा आवळलेला राहतो, पोट बिघडते, वारंवार लघवीला जावे लागते, घशाशी काहीतरी अडकल्यासारखे वाटते. तीव्र नैराश्याच्या काही रुग्णांत कॉर्टिसॉलला आवर घालणारा हा इशाराच नीट काम करत नाही, असे आढळले आहे.

भीतीचा झटका, म्हणजे पॅनिक अटॅक, हे या यंत्रणेचे सर्वांत उग्र रूप. काही मिनिटांतच तो शिगेला पोहोचतो. घाबरल्यामुळे श्वास भराभर चालतो आणि कार्बन डाय-ऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर टाकला जातो. रक्ताची अल्कता वाढते, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तातले मुक्त कॅल्शियम घटते. म्हणून घेरी येते, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, कधी बोटे आकडतात. माणूस भरपूर श्वास घेत असतो आणि त्याला वाटते आपला श्वास कोंडतो आहे, म्हणून तो आणखी जोरात श्वास घेतो. छातीत दुखू लागले की हा हृदयविकाराचाच झटका अशी त्याची खात्री होते. पहिल्यांदा असे झाल्यास हृदयाची तपासणी करून घ्यावीच. लक्षणांवरून दोन्हींत फरक करणे घरच्या माणसांचे काम नाही.

झोपेचा बिघाड दोन्ही विकारांत वेगळा दिसतो. चिंताग्रस्ताला झोप लागतच नाही, डोक्यात उद्याचा पाढा चालू असतो. नैराश्यात झोप लागते, पण पहाटे तीन-चारलाच जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. तीव्र नैराश्यात सकाळ बहुधा सर्वांत जड जाते आणि संध्याकाळी थोडे हलके वाटते. संध्याकाळचा हा उतार पाहून घरच्यांना ‘सकाळी नाटक करतो’ असे वाटू शकते, म्हणून हे माहीत असलेले बरे. काही रुग्णांत याच्या उलट घडते : झोप आणि भूक वाढते, हातपाय शिशासारखे जड वाटतात.

मनावर होणारे परिणाम

नैराश्य म्हणजे सतत रडणे अशी समजूत आहे. कित्येकांना मात्र रडूही येत नाही. आवडते गाणे लागते, लाडके मूल गळ्यात पडते आणि आत काहीच हलत नाही. ‘मला माझ्याच मुलाबद्दल काही वाटेनासे झाले आहे’ ही जाणीव रुग्णाला आजारापेक्षाही जास्त छळते आणि तो स्वतःला दोषी ठरवतो. बोलणे, चालणे, उत्तर देणे संथ होते. आंघोळीला जायचे की नाही एवढा निर्णयही तासभर होत नाही. एकच पान पुन्हापुन्हा वाचूनही डोक्यात शिरत नाही. वृद्धांमध्ये हे चित्र स्मृतिभ्रंशासारखे दिसते आणि निदान चुकू शकते.

चिंतेत लक्ष धोका हुडकण्यात गुंतलेले असते. फोन उचलला गेला नाही म्हणजे अपघातच झाला असणार, हा निष्कर्ष क्षणात निघतो. मग माणूस भीतीची ठिकाणे टाळू लागतो. टाळल्याने तात्पुरती सुटका होते आणि त्या सुटकेमुळेच भीती पक्की होते. पाहतापाहता जगण्याचा परीघ घरापुरता उरतो.

दीर्घकालीन परिणाम आणि उपचार

नैराश्य आणि हृदयविकार यांचा संबंध दुहेरी आहे. नैराश्याने हृदयविकाराचा धोका वाढतो, आणि हृदयविकाराच्या झटक्यानंतर नैराश्य आलेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण जास्त आढळते. मधुमेहाचेही तसेच आहे. शरीरातील दाह, म्हणजे प्रतिकारयंत्रणा चेतल्याने होणारी प्रतिक्रिया, हा यामागचा एक दुवा मानला जातो. हिपॅटायटिस सी या यकृताच्या आजारासाठी पूर्वी देत असलेल्या इंटरफेरॉन या औषधाने प्रतिकारयंत्रणा चेतवली जाई आणि काही रुग्णांना त्यातूनच नैराश्य येत असे. ‘सेरोटोनिन कमी पडले म्हणून नैराश्य आले’ हे लोकप्रिय स्पष्टीकरण त्यामुळे अपुरे ठरते. आनुवंशिकता, बालपणीचे आघात, एकटेपणा, आर्थिक ओढाताण, शारीरिक आजार अशी अनेक कारणे एकत्र येतात.

थायरॉइडचे विकार, रक्तक्षय, ब१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांतही अशीच लक्षणे दिसतात, म्हणून आधी त्यांची तपासणी करतात. विचार-वर्तन उपचारपद्धती (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारा संवादी उपचार), औषधे किंवा दोन्ही मिळून बहुसंख्य रुग्णांना गुण येतो. नियमित व्यायामाचाही उपयोग होतो, मात्र ‘जरा बाहेर पड, बरे वाटेल’ हा सल्ला तीव्र नैराश्यातल्या माणसाला देणे म्हणजे पाय मोडलेल्याला चालायला सांगणे. औषधांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, मळमळ किंवा अस्वस्थता यांसारखे त्रास मात्र आधी जाणवतात, आणि अनेकजण इथेच औषध सोडतात. बरे वाटल्यावरही ते साधारण सहा महिने किंवा जास्त काळ चालू ठेवतात आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करतात.

सुधारणा एकदम येत नाही. बऱ्याचदा झोप आणि अंगातली शक्ती आधी परतते, निराशा मागे रेंगाळते. आत्महत्येचे विचार असलेल्या माणसाच्या हातापायांत बळ येते पण मन अजून सावरलेले नसते, असा हा काळ आहे आणि त्यात सोबतीची फार गरज असते. अशा विचारांबद्दल थेट विचारल्याने ते डोक्यात भरवले जात नाहीत. विचारणारा कोणी भेटला की पुष्कळजण बोलतात, आणि तेव्हा त्यांना एकटे न सोडता त्याच दिवशी उपचारांपर्यंत पोहोचवावे.