आर्टिफॅक्टरीला बाहेरचा पोस्टग्रेस जोडण्याआधी

तुमच्यापैकी अनेकांकडे आर्टिफॅक्टरी (बिल्डमध्ये लागणाऱ्या आणि तयार होणाऱ्या फाइली साठवणारा सर्व्हर) अजून सोबत आलेल्या डर्बी डेटाबेसवरच चालते आहे. चाचणीपुरते ते ठीक. पण अख्ख्या टीमचे बिल्ड (कोडपासून सॉफ्टवेअर तयार करण्याची कामे) तिच्यावर अवलंबून असतील, तर पोस्टग्रेस हा डेटाबेस वेगळा ठेवावा, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

डेटाबेस बाहेर नेला म्हणजे साठवलेल्या जार फाइली आणि डॉकर इमेजेस (सॉफ्टवेअरची तयार पॅकेजे) तिकडे जातात, असा अनेकांचा समज असतो. तसे होत नाही. त्या फाइलस्टोअरमध्येच (आर्टिफॅक्टरीच्या फाइली ठेवण्याच्या जागेत) राहतात, तेही मूळ नावाने नाही, तर शा-१ चेकसमच्या (फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या सांकेतिक ठशाच्या) नावाने. चेकसमची पहिली दोन अक्षरे हे फोल्डरचे नाव. कोणती फाइल कोणत्या रेपॉझिटरीतली, तिचे खरे नाव काय, हे फक्त डेटाबेसला ठाऊक असते. म्हणून बॅकअप दोन्हींचा हवा, आणि आधी डेटाबेसचा, मग फाइलस्टोअरचा. उलट केलेत तर मधल्या वेळात आलेल्या फाइलची नोंद सापडेल, फाइल मात्र नाही.

जोडणी तशी सोपी आहे. पोस्टग्रेसमध्ये स्वतंत्र युजर आणि यूटीएफ-८ एन्कोडिंगचा डेटाबेस तयार करायचा, आणि आर्टिफॅक्टरीच्या सेटिंग्जच्या सिस्टम डॉट यामल फाइलमध्ये डेटाबेसचा प्रकार, ड्रायव्हर (डेटाबेसशी बोलणारा भाग), जेडीबीसी पत्ता (डेटाबेस कुठे आहे ते सांगणारा), युजर व पासवर्ड भरायचा. यामलमध्ये टॅब चालत नाही, स्पेसच द्या. पोस्टग्रेसचा ड्रायव्हर सोबतच येतो.

अडते ते बहुधा नेटवर्कवर. लॉगमध्ये 'कनेक्शन रिफ्यूज्ड' दिसले, तर आधी पोस्टग्रेसचे 'लिसन अ‍ॅड्रेसेस' बघा. पोस्टग्रेस कोणत्या पत्त्यांवर जोडणी स्वीकारतो ते ही सेटिंग ठरवते; मुळात ते फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच मशीनवर, असते. बदलल्यावर पोस्टग्रेस रीस्टार्ट करावाच लागतो. 'पीजी एचबीए'त (कोणाला जोडू द्यायचे ते ठरवणाऱ्या पोस्टग्रेसच्या फाइलीत) एंट्री नाही अशी तक्रार आली, तर पोर्ट ५४३२ पर्यंत तुम्ही पोहोचला आहात, आता आर्टिफॅक्टरीच्या सर्व्हरचा आयपी तिथे घाला. त्याला रीलोड पुरते.

सर्वांत महत्त्वाचे: यामल बदलल्याने जुना डेटा आपोआप पोस्टग्रेसमध्ये येत नाही. आर्टिफॅक्टरी कोरी उघडेल. आधी पूर्ण सिस्टम एक्स्पोर्ट, मग नव्या डेटाबेसवर इम्पोर्ट, हाच क्रम. एक्स्पोर्टसाठी डिस्कवर पुरेशी जागा आहे का ते आधीच तपासा, आणि बिल्ड बंद ठेवता येतील अशी वेळ आम्हाला कळवा.