मुशीच्या नाकाडावरची भोकं

कोळणीच्या पाटीतली मुशी, म्हणजे छोटा शार्क मासा, तोंडाशी नीट न्याहाळून बघा. नाकाडावर आणि तोंडाभोवती टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं दिसतील. बोटाने दाबलं की त्यांतून पारदर्शक, चिकट गर येतो. मुशी कापताना हे नाकाड फेकून दिलं जातं आणि मला दर वेळी हळहळ वाटते. मुशीच्या अंगातली सगळ्यात नवलाची गोष्ट तिथेच असते.

इटलीच्या स्टेफानो लोरेन्झिनी यांनी १६७८ साली या भोकांचं वर्णन करून ठेवलं. ती कशासाठी, हे कळायला पुढे जवळजवळ तीनशे वर्षं लागली. प्रत्येक भोकातून गराने भरलेली नळी आत जाते आणि तिच्या तळाशी वीज ओळखणाऱ्या पेशी असतात.

पण समुद्रात वीज कुठली? माशाच्या अंगातले क्षार आणि समुद्राच्या पाण्यातले क्षार यांचं प्रमाण वेगळं असतं. त्यामुळे कल्ल्यांच्या, तोंडाच्या नाजूक त्वचेपाशी किंचित विद्युतदाब तयार होतो आणि श्वासागणिक कमीजास्त होत राहतो. मासा वाळूत दडून निपचित पडला, तरी श्वास घ्यावाच लागतो.

आद्रियानुस काल्माइन या डच शास्त्रज्ञांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग मला फार आवडतात. त्यांनी आपल्या लेप माशासारखा चपटा, जिवंत मासा अगारच्या पेटीत ठेवून वाळूत पुरला. अगार म्हणजे आपलं चायना ग्रास. त्यातून वीज जाते, वास अडतो. मुशी थेट माशावर झेपावली. मग जिवंत माशाऐवजी माशाचे तुकडे ठेवले. आता ती पेटीतलं पाणी जिथून बाहेर पडत होतं, तिथे वासामागे गेली. पुन्हा जिवंत मासा ठेवून पेटीवर पातळ प्लॅस्टिक पसरलं, म्हणजे वीजही अडली. मुशी वरून सरळ निघून गेली!

सेंटीमीटरमागे ५ नॅनोव्होल्ट एवढा क्षीण दाबही या माशांना जाणवतो. पेन्सिल सेलचा दीड व्होल्ट ३,००० किलोमीटरवर सारखा पसरला, म्हणजे जवळपास काश्मीर ते कन्याकुमारी, तर सेंटीमीटरच्या वाट्याला एवढाच येईल.

मुशीचं तोंड डोक्याच्या खालच्या बाजूला असतं. घास घेताना तो डोळ्यांना दिसत नाही. दुरून नाक वाट दाखवतं, अखेरच्या काही सेंटीमीटरांत भरवसा या भोकांचाच. काल्माइन यांनी शेवटी मासाही काढून घेतला आणि वाळूत नुसते विजेचे दोन इलेक्ट्रोड पुरले. शेजारी माशाचा तुकडा ठेवलेला असूनही मुशीने वाळू उकरली आणि इलेक्ट्रोडनाच चावा घेतला.