दारू ती दारू नव्हे

भातं पोसवली की आमच्या कुडाळकडे रानडुकरं उतरतात. शेजारच्या आबांकडे पीक संरक्षणासाठी परवान्याची ठासणीची बंदूक आहे आणि दारू मोजायला बांबूचं एक पेर. परवा कुणीतरी त्यांना काडतुसातली ‘नवी’ दारू देऊ केली. आबा म्हणाले, “दारू ती दारू, तेच्यात काय बघूचा?” तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलाय.

ठासणीतली काळी दारू जळते तेव्हा तिचा निम्म्याहून जास्त भाग वायू होतच नाही. तोच तो दाट धूर आणि नळीतली काजळी. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय या रसायनज्ञाने नायट्रोसेल्युलोजची, म्हणजे नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेल्या कापसाची, बिनधुराची दारू तयार केली. काडतुसातली ‘नवी’ दारू ती हीच. ती जवळजवळ सगळी वायू होते, म्हणून तेवढ्याच वजनात तिचा जोर सुमारे तिप्पट.

पण खरी गंमत कणाच्या आकारात आहे. दारूचा कण पृष्ठभागावरून, थराथराने जळतो. चुलीत चुडत भसकन पेटतं आणि आंब्याचा ओंडका रात्रभर धुमसतो, तेच इथे. गोल कण तोंडातल्या खडीसाखरेसारखा झिजतो. पृष्ठभाग घटत जातो, वायूही कमी कमी निघतो. आता कण नळीसारखा पोकळ करा. एकात एक ठेवलेल्या दोन बांगड्या डोळ्यांपुढे आणा. बाहेरची जळून जेवढी आक्रसते, तेवढीच आतली रुंदावते. त्रिज्या R आणि r असतील आणि x जाडीचा थर जळला, तर परीघांची बेरीज २π(R−x) + २π(r+x), म्हणजे पुन्हा २π(R+r). x गळून पडला! शेवटपर्यंत जळणारा पृष्ठभाग जवळजवळ तेवढाच. तोफांच्या दारूच्या कणाला सात भोकं पाडतात, तिथे तर तो वाढत जातो. गोळी पुढे सरकून मागची जागा वाढते, तेव्हा हा वाढता वायू कामी येतो.

त्यातच बिनधुराच्या दारूचा जळण्याचा वेग दाबाबरोबर चढतो. जळण्याने दाब वाढतो, दाबाने जळणं वाढतं. उघड्यावर निवांत जळणारी हीच दारू काडतुसाच्या बंद पुंगळीत दाब वातावरणाच्या चार हजार पटींपर्यंत नेऊ शकते. काळ्या दारूवर दाबाचा परिणाम त्या मानाने थोडा, म्हणून पेराने मोजलेलं तिथे निभावतं. तेच पेर नव्या दारूने भरलं तर ठासणीची नळी फुटेल. नळी फुटली की गावराखण्या देवचाराचं नाव निघतं, गाऱ्हाणं घातलं जातं. देवचाराने यात काही केलेलं नसतं, चुकीच्या दारूचा दाब नळीला पेललेला नसतो.

अमेरिकेत हौशी लोक काडतुसं घरी भरतात. (आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय तो गुन्हा आहे.) तिथे दारूचे कारखाने चाचणीच्या नळीत दाब मोजून तक्ते छापतात. तक्त्यातली एक ओळ म्हणजे अमुक दारू, अमुक वजनाची गोळी, अमुक पुंगळी, ठिणगी पाडणारी अमुक टोपी आणि काडतुसाची लांबी. गोळी थोडी खोल बसली तरी आतली जागा घटते आणि दाब उसळतो. म्हणून सुरुवात तक्त्यातल्या दारूच्या सर्वांत कमी वजनापासून करायची, आणि मोजायचं ते ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे ६५ मिलिग्रॅम, सोनाराच्या अर्ध्या गुंजेच्या आसपास. रंग किंवा दाणा बघून दारू ओळखता येत नाही. चिठ्ठी नसलेल्या डब्यातली दारू तर कुठल्याच तक्त्यात बसत नाही. ‘जास्त भरा, लांब मारा’ सांगणाऱ्या व्हिडिओंनी यातलं काहीही मोजलेलं नसतं.

आबांनी तो डबा घेतला नाही. बांबूचं पेर अजून खुंटीला आहे, आणि काळ्या दारूपुरतं ते बरोबरच आहे.