प्लेगच्या मुंबईत माणसं की माल? साथरोग कायद्याची पार्श्वभूमी

लॉकडाऊनमध्ये आधी जीव की आधी पोट यावर टीव्हीवर रोज भांडणं चालायची, पण मुंबईने हा वाद सव्वाशे वर्षांपूर्वीच घालून झालेला आहे. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने ज्या कायद्याच्या जोरावर मॉल-थिएटरं बंद केली तो साथरोग कायदा पण १८९७ चाच, मुंबईच्या प्लेगपायी घाईघाईत केलेला.

सप्टेंबर १८९६ ला मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. मांडवी म्हणजे बंदराला खेटून धान्याची गोदामं, उंदीर रग्गड, पण रोग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा पक्कं कोणाला ठाऊकच नव्हतं. मग उपाय काय, तर पेशंट उचलून हॉस्पिटलात, घरचे कॅम्पात, घर धुऊन काढायचं. लोक इतके घाबरले की ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर हल्लाच केला आणि आठ लाखांच्या शहरातून लाखो लोक गावाकडे पळाले.

आता सरकार एवढं कडक झालं ते फक्त माणसं मरतायत म्हणून नाही हं. युरोपातली बंदरं मुंबईचा माल अडवायच्या बेतात होती, फेब्रुवारी १८९७ मध्ये व्हेनिसला त्यावर आंतरराष्ट्रीय परिषद बसणार होती आणि त्याच महिन्याच्या ४ तारखेला इकडे कायदा पास. हजला जाणारी जहाजंही थांबवली. म्हणजे एका पारड्यात आरोग्य, दुसऱ्यात धंदा असा मामलाच नव्हता, जहाजं चालू राहावीत म्हणूनही घरात घुसून झडत्या घेतल्या गेल्या. पुण्यात रँडने गोरे सोल्जर घुसवले, पुढचं २२ जून, चापेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या ते, सगळ्यांना शाळेपासून पाठ आहे.

गिरणीमालकांचं गणित वेगळंच. एरवी पगार महिन्याने, तोही मागे ठेवून, म्हणजे माणूस सोडून जायला नको. प्लेगात माणसंच मिळेनात तेव्हा रोजच्या रोज रोकडा द्यायला लागले, नाक्यानाक्यावर कामगारांची बोली लागायची, जो जास्त देईल त्याच्या गिरणीत जायचं! मला तरी या सगळ्यात हाच भाग सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो.

२०२० ला मजुराकडे जो जास्त देईल त्याच्याकडे जायची तेवढीही सोय नव्हती. २४ मार्चला रात्री आठला घोषणा, बारापासून सगळं बंद, पॅसेंजर गाड्या तर त्याआधीच बंद. राज्याने शिवभोजन थाळी ५ रुपयांवर आणली ते चांगलंच केलं, पण खोलीचं भाडं आणि गावाला पाठवायचे पैसे थाळीतून कुठून निघणार. मजुरांना गावी नेणाऱ्या श्रमिक स्पेशल गाड्या सुटायला १ मे उजाडला, तरी ८ मेला जालन्याहून पायी निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळावर झोपले असताना मालगाडीखाली गेले. त्याच आठवड्यात कर्नाटक सरकारने बिल्डर लोकांशी मीटिंग झाल्यावर मजुरांच्या गाड्याच रद्द करून टाकल्या, कामं सुरू करायचीत तर माणसं जाऊन कसं चालेल म्हणून, रोजंदारी वाढवायचं मात्र कोणाच्या डोक्यात आलं नाही. देशभर ओरड झाली तेव्हा दोन-तीन दिवसांत गाड्या परत सोडल्या.