बाहेरून दहावी: १७ नंबर की एनआयओएस?

‘बाहेरून दहावी करून टाक’ हा सल्ला कंपनीतल्या हेल्परला, सोसायटीच्या वॉचमनला, शाळेतल्या शिपायाला कुणी ना कुणी देतोच. सल्ला चांगलाच असतो. फक्त देणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक वेळा दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते: १७ नंबरचा फॉर्म आणि एनआयओएस. दोन्हीकडे रोज वर्गात बसायचे नसते, वयाची वरची मर्यादा नसते आणि प्रमाणपत्र मान्यताप्राप्त असते. साम्य इथेच संपते.

१७ नंबर म्हणजे आपल्या राज्य मंडळाचीच दहावी, फक्त शाळेविना. पुस्तके तीच, प्रश्नपत्रिका तीच, फेब्रुवारी-मार्चमधली परीक्षाही तीच. शेजारच्या बाकावर पंधरा वर्षांची मुले असतात आणि तुमची कामाची पाळी बुडालेली असते. मंडळाच्या यादीतून एक संपर्क शाळा निवडायची असते. फॉर्मची कागदपत्रे तिथे द्यायची आणि अंतर्गत गुणांसाठी, विज्ञानाच्या प्रात्यक्षिकांसाठीही तिथेच हजर व्हायचे. ‘एकदाही शाळेत जायचे नाही’ असे कुणी सांगत असेल तर त्याने हा फॉर्म स्वतः कधी भरलेला नाही.

एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, हे वेगळे मंडळच आहे. केंद्र सरकारने ते १९८९ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून सुरू केले, २००२ मध्ये नाव बदलले, मुख्यालय नोएडाला. अभ्यासक्रम त्यांचा, पुस्तके त्यांची, परीक्षा त्यांची. दहावी मराठी माध्यमातून करता येते. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मेच्या सुमारास आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये.

नोकरी करणाऱ्याच्या दृष्टीने खरा फरक इथे पडतो. १७ नंबरला सहाही विषय एकाच हंगामात द्यायचे असतात. तीन भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे. पेपर काही आठवड्यांत पसरलेले असतात, म्हणजे रजेची जुळवाजुळव आलीच. एनआयओएसला पाच विषय पुरतात आणि ते तुकड्या-तुकड्यांनी देता येतात. नोंदणी पाच वर्षे टिकते, तेवढ्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, पास झालेला विषय जमा राहतो. दिवाळीच्या आधी दोन विषय, उन्हाळ्यात दोन, उरलेला पुढच्या खेपेस, असे केले तरी चालते. उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के लागतात, राज्य मंडळाला ३५. शंभरातले वीस गुण घरी लिहून द्यायच्या असाइनमेंटचे असतात. ज्याची पाळी दर आठवड्याला बदलते त्याला हे सगळे वरदानच वाटते.

विषयांचे तर विचारूच नका. एनआयओएसला एक किंवा दोन भाषा घ्यायच्या, बाकी यादीतून निवडायचे: गृहविज्ञान, चित्रकला, व्यवसाय अध्ययन, डेटा एन्ट्री, मानसशास्त्र. गणित सक्तीचे नाही, इंग्रजीही नाही. गणिताच्या धास्तीने ज्यांनी शाळा सोडली त्यांना इथे हायसे वाटते, आणि नेमके इथेच फसायला होते.

दहावी झाल्यावर पुढचे दार कोणते, हे आधी ठरवा. आयटीआयला इलेक्ट्रिशियन किंवा फिटर करायचे असेल तर दहावीला गणित आणि विज्ञान घेऊन उत्तीर्ण असावे लागते. हेल्परचा ऑपरेटर व्हायचे म्हणून ज्याने चित्रकला, गृहविज्ञान घेऊन दहावी केली, त्याच्या हातात प्रमाणपत्र खरे असते, पण त्या ट्रेडला ते चालत नाही. एनआयओएसमध्येही गणित आणि विज्ञान घेता येते, फक्त ते स्वतःहून निवडावे लागते. फॉर्म भरून देणारा एजंट ‘सोपे विषय टाकतो’ म्हणतो तेव्हा तो तुमच्या पुढच्या दाराचा विचार करत नसतो. उलट, ज्या नोकरीत किंवा बढतीत नुसते ‘दहावी उत्तीर्ण’ पुरते, तिथे गणिताशी झुंजण्यात एक वर्ष घालवण्यात काय अर्थ? बढतीचे नियम कार्यालयाच्या आस्थापना शाखेत मागून घ्या, तोंडी ऐकू नका.

मग १७ नंबर कुणी भरावा? माझे मत स्पष्ट आहे: ज्याच्या घरात किंवा शेजारी दहावीचे मूल आहे, त्याने. बालभारतीची पुस्तके ऑनलाइन फुकट मिळतात, जुन्या प्रश्नपत्रिका कुठेही सापडतात, गल्लीतल्या क्लासचा मास्तरही समजावून देतो. आई आणि मुलगा एकाच वर्षी दहावी झाल्याच्या बातम्या निकालानंतर येतात, त्यामागे हेच असते. एनआयओएसची पुस्तके शिकवणारा मराठी शिक्षक गावात शोधायला गेलात तर सहसा मिळत नाही. अभ्यासकेंद्रावर संपर्कवर्ग असतात, पण ते दर वेळी जवळ असेलच असे नाही. एकट्याने पुस्तक घेऊन बसायची सवय मोडून वीस वर्षे झालेल्या माणसाला ही अडचण छोटी नाही.

मुंबईसारख्या शहरात रात्रशाळा जवळ असेल तर ती वेगळी गोष्ट. तिथला विद्यार्थी रीतसर शाळेचाच असतो, १७ नंबरचा नाही.

आणखी एक घोळ. दहावीला बसून नापास झालेल्याला १७ नंबर लागतच नाही. तो पुनर्परीक्षार्थी. त्याने आपल्या जुन्या शाळेतून फॉर्म भरायचा. १७ नंबर आहे तो दहावीच्या परीक्षेला कधी बसलेलाच नाही त्याच्यासाठी, आणि त्याने किमान पाचवी उत्तीर्ण केलेली असावी लागते. जुना नापास असाल तर एवढे लक्षात ठेवा की २०१८-१९ पासून दहावीचा अभ्यासक्रम बदलला, तेव्हा पेटीतली पुस्तके काढू नका.

१७ नंबरची नोंदणी परीक्षेच्या कितीतरी महिने आधी सुरू होते आणि मुदत गेली की वर्ष गेले. शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. तो बहुतेकांचा गावच्या शाळेत असतो किंवा कुठे आहे ते कुणालाच माहीत नसते. हरवला असेल तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र. पावसाळ्यात गावी जाल तेव्हाच हे काम उरकून घ्या. ‘एका वर्षात दहावी-बारावी दोन्ही’ असे बोर्ड लावणाऱ्या दुकानात पाय टाकण्यापूर्वी प्रमाणपत्र कोणत्या मंडळाचे देणार, हे त्याच्याकडून लेखी घ्या. पुण्यातले राज्य मंडळ किंवा एनआयओएस यांपैकी कोणाचेच नाव आले नाही, तर पैसे खिशातच ठेवा.