१०० कडे बघू नका, १.२५ कडे बघा: मायक्रोस्कोपच्या लेन्समागची गोष्ट

कॉलेजच्या लॅबमधल्या मायक्रोस्कोपचा सगळ्यात लांब ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडजवळची लेन्सची नळी) बघा, त्यावर साधारण १००/१.२५ ऑइल असं काहीतरी कोरलेलं असतं. प्रॅक्टिकलला आपण फक्त १०० बघतो, आयपीसच्या (डोळ्याजवळच्या लेन्सच्या) १० ने गुणतो, जर्नलमध्ये हजार पट लिहितो, विषय संपला. पण दोनशे वर्षं लोकांनी जे डोकं फोडलं ते त्या १.२५ साठी, १०० साठी नाही.

कारण नुसतं मोठं करून दाखवणं फार आधीच जमलं होतं. डेल्फ्टचा कापडाचा व्यापारी लेवेनहूक एकच इवलीशी लेन्स धातूच्या पट्टीत बसवायचा, ती डोळ्याला जवळजवळ चिकटवून उजेडाकडे धरायची, बस. त्याचे जे मायक्रोस्कोप आज शिल्लक आहेत त्यातला सगळ्यात भारी जवळपास २७० पट मोठं दाखवतो आणि १६८३ मध्ये त्याने दातांवरच्या किटणातले जंतू पाहून लंडनला पत्राने कळवले. तिकडे रॉबर्ट हूककडे एकापेक्षा जास्त लेन्सचा कंपाउंड मायक्रोस्कोप होता, १६६५ मध्ये बुचाच्या पातळ कापात कप्पे बघून सेल हे नाव त्यानेच दिलं, पण एकाच लेन्समधून जास्त स्वच्छ दिसतं, फक्त डोळ्यांना त्रास होतो, हेही त्यानेच लिहून ठेवलंय.

म्हणजे जास्त लेन्स लावल्या तर चित्र बिघडायचं. काच निळा प्रकाश लालपेक्षा जास्त वाकवते म्हणून कडांना रंग यायचे, आणि लेन्सच्या कडेने येणारे किरण मधल्या किरणांच्या आधीच एकत्र यायचे म्हणून सगळं धूसर, आणि आयपीस हा सगळा घोळही मोठा करून दाखवणार. रंगावर उपाय दुर्बिणीवाल्यांनी काढला, क्राउन आणि फ्लिंट अशा दोन जातींच्या काचा जोडून, लंडनच्या लेन्सवाल्या डॉलंडचं पेटंट १७५८ चं. धूसरपणाचं कोडं मात्र १८३० मध्ये जोसेफ जॅक्सन लिस्टरने सोडवलं, अशा जोडलेल्या लेन्स एकमेकींपासून नेमक्या किती अंतरावर ठेवल्या तर हा दोष परत येत नाही ते त्याने दाखवलं. धंदा वाइनचा, लेन्सचा नाद फावल्या वेळेतला! (ऑपरेशनमध्ये जंतुनाशक आणणारा सर्जन लिस्टर तो याचाच मुलगा.)

आता जर्मनीतलं येना गाव. तिथे कार्ल झाइसने १८४६ मध्ये वर्कशॉप काढलं. कारागीर लेन्स घासायचे, लावून बघायचे, नाही जमलं की दुसरी, सगळा अंदाजाचा कारभार. १८६६ मध्ये झाइसने युनिव्हर्सिटीतल्या अर्न्स्ट ॲबे या भौतिकशास्त्रज्ञाला गाठलं, म्हणाला गणिताने डिझाइन करून दे. ॲबेने दोष कमी राहावेत म्हणून लेन्सचं तोंड लहान धरलं, हिशोब चोख, आणि बारकावे मात्र कारागिरांच्या जुन्या लेन्सपेक्षा कमी दिसायला लागले. मला या सगळ्या इतिहासात हाच भाग सगळ्यात भारी वाटतो, कारण तो इथे थांबला नाही, असं का झालं याच्या मागे लागला.

त्याला जे सापडलं ते १८७३ मध्ये छापलं. बारीक रेघांवर प्रकाश पडला की तो बाजूला फाकतो, रेघा जितक्या जवळजवळ तितका जास्त फाकतो, आणि तो फाकलेला प्रकाश लेन्सच्या तोंडात आलाच नाही तर त्या रेघा चित्रात नसतातच, मग कितीही मोठं करा. लेन्स किती रुंद कोनातला प्रकाश गोळा करते त्याचा आकडा म्हणजे न्यूमरिकल ॲपर्चर, तोच आपला १.२५. प्रकाशाची वेव्हलेंग्थ भागिले या आकड्याची दुप्पट, एवढ्या अंतरापर्यंतचे दोन ठिपके वेगळे दिसतात. हिरव्या प्रकाशात (५५० नॅनोमीटर) हे ०.२२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) येतं, तेच ०.६५ वाल्या ४० च्या ऑब्जेक्टिव्हला ०.४२.

हवेत हा आकडा १ च्या वर जाऊच शकत नाही, कारण काचेतून हवेत येताना तिरके किरण आणखी बाहेर वळतात, फार तिरके असतील तर परत आतच फिरतात. म्हणून स्लाइड आणि लेन्सच्या मध्ये तेल. सिडार वुड ऑइलचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स (प्रकाश किती वळवतो त्याचा आकडा) जवळपास काचेइतकाच, १.५१५ च्या आसपास, त्यामुळे किरणांना मध्ये हवा लागतच नाही. अशा तेलात चालणारा झाइसचा ऑब्जेक्टिव्ह १८७८ चा. लगेच १८८२ मध्ये जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉखने टीबीचा जंतू दाखवला, दोन-चार मायक्रॉन लांब आणि रुंदीला अर्ध्या मायक्रॉनपेक्षा कमी. रंगवण्याची युक्ती तर होतीच, पण अशा लेन्सशिवाय हे काम अवघड होतं.

स्लाइडखालच्या कंडेन्सरकडे (दिव्याचा प्रकाश स्लाइडवर एकवटणाऱ्या लेन्सकडे) मात्र कोणी बघत नाही. तो रुंद कोनातला प्रकाश वर पाठवणार नसेल तर वरचा १.२५ पूर्ण कामाला येत नाही, तरी पोरं प्रकाश जास्त वाटला की सरळ कंडेन्सर खाली करतात. अहो, दिवा कमी करा ना!

दिव्याचीही गंमतच होती, फोटो काढताना ज्योतीचा आकार स्लाइडवर उमटायचा. १८९३ मध्ये ऑगस्ट कोहलरने मध्ये एक लेन्स घालून ज्योतीची प्रतिमा स्लाइडऐवजी कंडेन्सरच्या आयरिसवर (लहान-मोठ्या होणाऱ्या झडपेवर) पाडली आणि सगळीकडे सारखा उजेड आला, पुढे १९०० मध्ये तोही झाइसकडेच गेला. चांगल्या रिसर्च मायक्रोस्कोपला अजून हीच सेटिंग असते, स्वस्तातल्या बऱ्याच मॉडेलना दिव्यापुढे दुधी काच लावून भागवतात.